स्टॉक असेपर्यंत

मराठी माणूस इतिहासाकडे बघतो तो नेहमी डोक्याकडून. पगडी पुणेरी की शिंदेशाही, फेट्याचा शेमला किती लांब, जिरेटोपाला तुरा होता की नव्हता, या प्रश्नांवर आपल्याकडे विद्वान मंडळी एकमेकांच्या पगड्या उडवायला तयार असतात. पण त्या पगडीखालचा माणूस चालत कसा होता, त्याच्या पायात काय होतं, ते त्यानं रोखीनं घेतलं की उधारीनं, आणि मुख्य म्हणजे ते त्याला चावत होतं का, याबद्दल बखरकार अवाक्षर काढत नाहीत.

मी बी.कॉम. आहे आणि बँकेत क्लार्क आहे. इतिहास माझ्याकडून दहावीलाच सुटला. तो परत भेटला सांताक्रूझ पश्चिमेच्या एका मोठ्या दुकानात. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण तिथं मला अजून जायचं आहे. दर जुलैत त्या दुकानावर एक फलक लागतो: 'संपूर्ण कुटुंबासाठी जोडे! निम्म्या किमतीत! स्टॉक असेपर्यंत!' स्टॉक संपल्यावर दुकानदार काय विकणार होता, हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही.

मराठीत जे जे आपल्या हाताबाहेरचं असतं ते 'लागतं'. ठेच लागते, उचकी लागते, ग्रहण लागतं. सेलही लागतो. एकदा लागला की घरातली माणसं आपापले पाय न्याहाळू लागतात, आणि कालपर्यंत धडधाकट असलेल्या चपलेचा अंगठा रात्रीतून निखळतो.

आता हा सेल जुलैतच का? कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आम्हांला शिकवलं होतं की शिल्लक माल खरेदीच्या किमतीनं किंवा बाजारभावानं, यांतला जो आकडा कमी असेल त्यानं हिशेबात धरावा. म्हणजे गोदामात पडून राहिलेला जोडा दिवसेंदिवस मालकाच्या वहीत म्हातारा होत असतो. त्यातून जोड्याचा धंदा साडीसारखा नाही. साडी एक आणली की ती कोणालाही होते. जोड्याचं एक डिझाइन आणलं की ते पाच-सहा नंबरांत आणावं लागतं, आणि दोन रंगांत आणलं तर त्याच्या दुप्पट खोकी. त्यातले सात आणि आठ नंबर भराभर उठतात. उरतात ते कडेचे. म्हणून सेलमधले जोडे एक तर वामनाच्या मुंजीतले असतात, नाहीतर त्यानं तिसरं पाऊल ठेवलं तेव्हाचे.

दुसरं कारण पाऊस. देशाला सांताक्रूझ माहीत आहे ते आमच्यामुळे नव्हे, वेधशाळेमुळे. २६ जुलै २००५ ला सुरू झालेल्या पावसाची इथं चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर अशी नोंद झाली. एरवीही मिलन सबवेत पाणी भरलं ही बातमी मुंबईकराला पावसाळा सुरू झाल्याची दवंडी वाटते. अशा गावात जुलै महिन्यात चामड्याचा बूट पुऱ्या किमतीला कोण घेईल? तेव्हा निम्म्या किमतीचा हा मोठेपणा दुकानदाराचा नसून वरुणराजाचा असतो.

पण निम्म्या किमतीची मूळ कथा सांताक्रूझची नाही. ती आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या झ्लीन या गावची. तिथं पिढ्यान्‌पिढ्या चांभारकी करणाऱ्या घरातल्या टोमाश, अँटोनिन आणि अ‍ॅना या तीन भावंडांनी १८९४ साली जोड्यांचा कारखाना काढला. आडनाव बाटा. पहिल्या महायुद्धात सैन्याला बूट पुरवून कारखाना वाढला, आणि युद्धानंतर अडचणीत आला. नव्या चेकोस्लोव्हाकियाचं चलन वधारलं, त्यामुळे परदेशात माल महाग पडू लागला, आणि गोदामं भरली. लोक म्हणत, किमती उतरतील तेव्हा घेऊ. टोमाश बाटानं १ सप्टेंबर १९२२ पासून सगळ्या जोड्यांची किंमत एकदम निम्मी केली. जाहिरातीवर एक वळलेली मूठ होती आणि ती 'महागाई' या शब्दाचा चक्काचूर करत होती. दुकानांपुढे रांगा लागल्या, गोदामं रिकामी झाली, आणि बाकीचे कारखानदार तोंडात बोट घालून बघत राहिले.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पण आम्ही पडलो जमाखर्चाची माणसं. डेबिट दिसलं की आमची नजर क्रेडिट शोधायला लागते. जोडा निम्म्यात गेला, मग उरलेला निम्मा कोणी भरला? तर बाटानं त्याच वेळी कामगारांची मजुरी चाळीस टक्क्यांनी कमी केली होती. बदल्यात त्यांना खाणंपिणं, कपडे वगैरे गरजेच्या वस्तू निम्म्या भावात देण्याची सोय केली आणि कोणाला कामावरून काढलं नाही. कामगारांनी ते मान्य केलं. (ही माहिती आमच्या युनियनच्या सेक्रेटरीला कृपया कळवू नये.) तेव्हापासून मी 'निम्म्या किमतीत' असा फलक पाहिला की दुसरी बाजू लिहायला मनातल्या मनात एक रेघ ओढतो.

हेच बाटा १९३१ साली हिंदुस्थानात आले, कोलकात्याजवळ कोन्नगरला. पुढे हुगळीच्या काठी त्यांनी बाटानगर वसवलं आणि इतके रुळले की ती कंपनी परदेशी आहे हे सांगितलं तर अजून लोक पैज लावतात. आमच्या पणजोबांना मात्र शंका होती. चामड्याचा, त्यातून कारखान्याचा, त्यातून नावच 'बाटा'! "पायात घालणारा बाटला असं ते दुकानावर लिहूनच ठेवतात," असं ते म्हणत. पण कंपनी हुशार. अनवाणी चालाल तर धनुर्वात होईल, तेव्हा जोडे घाला, अशी जाहिरात तिनं त्या काळी केली होती. धर्माच्या भीतीवर धनुर्वाताची भीती भारी पडली. शिवाय किमतीच्या शेवटी पंचाण्णव पैसे. शंभराची वस्तू नव्व्याण्णव पंचाण्णवला मिळाली की आपण पाच पैशांनी श्रीमंत झालो असं वाटतं, आणि नव्व्याण्णव पंचाण्णवांनी गरीब झालो हे विसरायला होतं.

लिहिलेली किंमत ही गोष्टसुद्धा मूळची आपली नव्हे. पॅरिसच्या 'बाँ मार्शे' या दुकानात अरिस्तिद बुसिको यांनी १८५२ नंतर वस्तूवर किंमत लिहून ठेवायला आणि तेवढीच घ्यायला सुरुवात केली. मुंबईत हे लोण साहेबानं आणलं. काळ्या घोड्याजवळ १८९१ मध्ये आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स आलं, हॉर्नबी रोडवर व्हाइटअवे लेडलॉ आलं. या दुसऱ्या दुकानात उधारी नव्हती, म्हणून साहेबलोकच त्याला 'राइट अवे अँड पेड फॉर' म्हणत. त्या इमारतीत पुढे खादी भांडार आलं, आणि काळ्या घोड्याच्या इमारतीत टाटांचं दुकान. इतिहासानं एवढा सूड पुरेसा मानला असावा. आम्हां उपनगरवाल्यांना मात्र एका छताखालच्या खरेदीसाठी वर्षानुवर्षं फोर्ट गाठावा लागे. १९९१ मध्ये अंधेरीला, म्हणजे सांताक्रूझहून पुढच्या दुसऱ्या स्टेशनाला, शॉपर्स स्टॉपचं पहिलं दुकान निघालं तेव्हा कुठे साहेबाचं लोण बोरिवली लोकलमध्ये चढलं.

तोवर आमचं डिपार्टमेंट स्टोअर म्हणजे लिंकिंग रोडचा फूटपाथ. तिथं किंमत लिहिलेली नसते, ती गाऱ्हाण्यासारखी मांडली जाते. तीनशे सांगितले की आपण शंभर म्हणायचं, चार पावलं चालायचं, आणि मागून हाक येईपर्यंत मान वळवायची नाही. त्या चपलांतल्या कितीतरी चेंबूर-कुर्ल्याकडच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत बनतात. एकेका खोलीत माणसं जमिनीवर बसून तळवे कापतात, सोल्यूशन लावतात, ठोकतात. आपण फूटपाथवर दीडशेची घासाघीस जिंकतो तेव्हा ती नेमकी कोणाविरुद्ध जिंकतो, ते तिथं गेल्यावर कळतं.

आमची कोल्हापुरी तर २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या कंपनीबरोबर थेट इटलीत मिलानला पोचली. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं, तरी तिथल्या फॅशन शोमध्ये तिचं नावगाव कोणी सांगितलं नाही. इकडे गदारोळ झाला, मग कंपनीनं कबूल केलं की हो, प्रेरणा भारतीय कारागिरांची. आमच्या शेजारच्या काकांनी बातमी अर्धीच ऐकली. "मिलनला कोल्हापुरी घालून कोण गेलं? पहिल्याच पावसात फुगेल ना!" ते म्हणाले. त्यांच्या जगात मिलन एकच आहे, आणि त्यात पाणी भरतं.

जोड्याचं एवढं कौतुक का, असं तुम्ही विचाराल. कारण जोडा पायात असणं ही आपल्याकडे साधी गोष्ट कधीच नव्हती. इंग्रजांच्या कचेरीत देशी जोडा बाहेर काढून जावं लागे. विलायती बूट असेल तर चाले. १८६२ साली सुरतेच्या कोर्टात मानकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांनी जोडे काढायला नकार दिला, त्यांना बाहेर जायला सांगण्यात आलं, आणि पुढे त्यांनी या जोड्याच्या प्रश्नावर पुस्तिका छापल्या. एवढं मोठं साम्राज्य, पण एका माणसाच्या पायाला घाबरलं. आणि साहेबाला कशाला नावं ठेवायची? आपल्याच कितीतरी गावांत दलितांना सवर्णांच्या आळीतून जाताना पायातली चप्पल हातात घ्यावी लागे. ज्यांच्या हातांनी गावाचे जोडे शिवले त्यांतल्याच कित्येकांवर ही सक्ती होती. २६ जुलैच्या त्या रात्री मी दादरहून सांताक्रूझपर्यंत जोडे हातात घेऊन पाण्यातून चालत आलो, आणि ती हकीगत पुढं दहा वर्षं सांगितली. कोरड्या रस्त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या तसं चालायला लागलेल्यांची हकीगत ऐकायला कोणी चहा ठेवल्याचं मला आठवत नाही.

असो. पुन्हा सेलकडे वळू, कारण नंबराचा प्रश्न राहिलाच. आपण जो नंबर सांगतो तो इंग्रजी आहे, आणि त्याचं माप जवाच्या दाण्यावर आहे. एका इंचात तीन दाणे. एक दाणा वाढला की एक नंबर वाढला. म्हणजे इंग्रजाच्या शेतातल्या जवानं आपला पाय मोजायचा आणि बसत नसेल तर दोष पायाला द्यायचा. २०२१-२२ मध्ये चेन्नईच्या चामडे संशोधन संस्थेनं देशभर लाखभर माणसांचे पाय मोजले, तेव्हा निघालं की आपले पाय गोऱ्यांपेक्षा रुंद असतात. रुंदीत बसावा म्हणून लोक लांबीला जास्त असलेला जोडा घेतात आणि नाड्या आवळून बांधतात. म्हणून 'भा' नावाचं भारतीय माप सुचवण्यात आलं. त्याच पाहणीत दिसलं की मुलींचा पाय साधारण अकराव्या वर्षापर्यंत वाढतो आणि मुलांचा पंधराव्या-सोळाव्या. आमच्या आईला हे पाहणीवाचून ठाऊक होतं. अकरावं संपेपर्यंत ताईचा जोडा एक नंबर मोठा यायचा. माझा शाळा सुटेपर्यंत दोन नंबर मोठा यायचा, आणि पुढच्या पोकळीत 'महाराष्ट्र टाइम्स' कोंबलेला असायचा. अग्रलेखावर उभा राहून मी दहावी झालो.

बाबा पोस्टात होते आणि आम्ही सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होतो. वर्षातून एकदा सेल लागला की चौघं निघायचो. क्रम ठरलेला: आधी ताई, मग मी, मग आईची चप्पल. बाबा सगळ्यांच्या खोक्यांवर बसून हिशेब करायचे आणि शेवटी उठून म्हणायचे, "माझा सात नंबर. सातचा कधीच संपलाय." आम्हांला ते पटायचं. सात नंबर आधी उठतो हे मी वर सांगितलंच आहे, आणि ते बाबांनी कॉमर्स न शिकता ओळखलेलं होतं. मग त्यांच्या जुन्या बुटाला स्टेशनबाहेरच्या चांभाराकडून आणखी एक हाफसोल. शेवटी शेवटी त्या बुटात मूळचं असं फक्त नाडीचं भोक उरलं होतं. निम्म्या किमतीचा उरलेला निम्मा आमच्या घरात कोण भरत होतं, ते शोधायला वहीची गरज नव्हती.

एका वर्षी आई अचानक काउंटरपाशी गेली आणि म्हणाली, "सातचा दाखवा." विक्रेत्यानं मान वर न करता तीन खोकी पुढं सरकवली. काळा, तपकिरी, आणि एक नाडीचा. बाबांनी त्या खोक्यांकडे पाहिलं, मग आईकडे, मग छताच्या पंख्याकडे. नाइलाजानं काळा चढवला, चार पावलं टाकली आणि आशेनं म्हणाले, "चावतोय गं."

"चावू दे," आई म्हणाली. "दहा वर्षांचा उपाशी आहे तो."

बिल चौऱ्याहत्तर रुपये पंचाण्णव पैसे झालं. बाबांनी पंच्याहत्तर दिले आणि वरचे पाच पैसे तेवढे आठवणीनं मागून घेतले.