काकांना पाठवलेली कात्रणं

जमिनीच्या एका गोष्टीवरून आबाकाकांचं आणि माझं बिनसलं. त्यांना पुरेशी माहिती नाही अशी माझी खात्री, म्हणून मी कात्रणं पाठवत राहिलो. काही फरक पडला नाही.

परवा गेम थिअरीचा इतिहास वाचताना हे आठवलं. शीतयुद्धाच्या काळात एक कोडं होतं. समोरच्याकडे किती शस्त्रं आहेत, मला ठाऊक नाही. तो माझ्याबद्दल काय समजतो, तेही नाही. आणि मी काय समजतो असं त्याला वाटतं?... साखळी संपतच नाही. जॉन हार्सानी यांनी १९६७-६८ मध्ये तीन भागांच्या लेखात ती आवरली. मानून चालायचं, की सुरुवातीला सगळ्यांचे अंदाज एकच. पुढचा फरक फक्त ज्याला-त्याला मिळालेल्या माहितीचा. गणित सुटलं!

१९७६ मध्ये रॉबर्ट ऑमन यांनी याचा पुढचा टोकाचा अर्थ दाखवला. सुरुवात एकच असेल आणि दोघांची आजची मतं परस्परांना पूर्णपणे उघड असतील, तर ती वेगळी राहूच शकत नाहीत.

आमची तर राहिली.

गंमत म्हणजे, हार्सानी स्वतः १९४४ मध्ये बुडापेस्टच्या रेल्वे स्टेशनवरून निसटले, म्हणून छळछावणीतून वाचले. असं आयुष्य पाहिलेल्या माणसाची सुरुवात इतरांसारखी कशी असेल? गणितासाठी तसं धरावं लागतं. घरात धरलं की समोरचा अडाणीच वाटतो.

कात्रणं बंद केलीत. रविवारी काकांकडे जातोय, या वेळी फक्त ऐकायला.