दुरुस्त करावं की नवंच घ्यावं?

मंडळी, शाळेत इतिहास शिकवताना लढाया आणि तह खूप शिकवले, पण घरातल्या चुलीचा इतिहास कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हता. तो वाचायला निमित्त झालं आमच्या जावयांचं. मुलगी-जावई इंग्लंडात असतात. त्यांच्याकडचा घर गरम ठेवणारा गॅसचा बॉयलर अठरा वर्षांचा झालाय आणि हिवाळ्यात रुसून बसतो. दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? आणि जावयांचा हात यंत्रांत चांगला चालतो, म्हणून तिसरा प्रश्न : आपणच का करू नये?

गंमत म्हणजे हाच प्रश्न एकदा त्या सबंध देशापुढे पडला होता.

पूर्वी तिथे घरोघरी जो गॅस येई तो मुख्यतः दगडी कोळशापासून कारखान्यात केलेला असे. त्यात हायड्रोजन असे आणि कार्बन मोनॉक्साइडही. म्हणजे तो नुसता गळला तरी विषारी. १९६५ मध्ये उत्तर समुद्राच्या तळाशी नैसर्गिक वायू सापडला. हा जवळजवळ निव्वळ मिथेन. तेवढ्याच गॅसमधून साधारण दुप्पट उष्णता मिळते, पण तो जळतो सावकाश. त्यामुळे जुन्या बर्नरवर ज्योत टिकेना.

मग काय सगळ्या शेगड्या आणि हीटर फेकून द्यायचे? त्यांनी तसं केलं नाही. १९६७ मध्ये बर्टन-ऑन-ट्रेंट या गावापासून सुरुवात करून १९७७ पर्यंत, एकेक वस्ती घेऊन, एक कोटीहून जास्त घरांतली सुमारे चार कोटी उपकरणं नव्या गॅसजोगी केली. आधी कुणीतरी येऊन घरात काय काय आहे ते टिपून घ्यायचं. ठरल्या दिवशी गॅस बंद करायचा, जेट आणि बर्नर बदलायचे, तपासून पुन्हा चालू करायचा. ज्यांचे सुटे भागच मिळत नव्हते तेवढीच उपकरणं मोडीत. आपल्याकडे सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस आला की शेगडी तीच राहते आणि माणूस येऊन जेट बदलून जातो ना, तेच हे, फक्त देशभर.

म्हणजे नवं घेण्यापेक्षा दुरुस्ती बरी, असा धडा घ्यायचा का? थांबा, याच दहा वर्षांत आणखी एक गोष्ट घडली.

१६ मे १९६८. पूर्व लंडनमधली रोनन पॉइंट ही नवी कोरी बावीस मजली इमारत. पहाटे अठराव्या मजल्यावर एका बाईंनी चहासाठी काडी ओढली आणि स्फोट झाला. इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. चार माणसं गेली. इमारतीच्या बांधणीतले दोष होतेच, पण गॅस गळला कुठून? चौकशीत निघालं की शेगडीची नळी जोडणारा पितळी नट सदोष होता. एवढासा नट!

त्यानंतर १९७० मध्ये गॅसचं काम करणाऱ्यांची नोंदणी ठेवणारी संस्था निघाली. १९९१ पासून हा धंदा करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची झाली. नैसर्गिक वायूत कार्बन मोनॉक्साइड नसतो हे खरं, पण हवा कमी पडली किंवा धुराडं तुंबलं की जळताना तो तयार होतोच. त्याला ना रंग, ना वास.

म्हणून जावईबापू, माझं मत असं. पाण्याची बाजू तुमची, आगीची बाजू कारागिराची. रेडिएटरमध्ये अडकलेली हवा किल्लीनं काढणं, दाब कमी झाला तर पुस्तिकेत बघून पाणी भरणं, थंडीत बाहेरची निचऱ्याची नळी गोठली तर कोमट पाणी ओतून ती मोकळी करणं, हे खुशाल करा. गॅस, बर्नर आणि धुराडं यांना हात लावू नका, हात कितीही चांगला असला तरी. नट सदोष आहे हे हाताला कळत नाही.

आता दुरुस्ती की नवा? इंग्लंडात २००५ पासून नवा बॉयलर बहुतेक ठिकाणी बाहेर जाणाऱ्या वाफेतली उष्णताही वापरणाराच बसवावा लागतो. तुमचा अठरा वर्षांचा, म्हणजे त्या नंतरचा. सुटे भाग मिळत असतील आणि धुराडं ठीक असेल तर दुरुस्त करा. ते मिळत नसतील, तर नवा गॅसचा घेण्याआधी विजेवर चालणाऱ्या हीट पंपाचा भाव जरूर काढा. त्यासाठी सरकारनं २०२३ मध्ये अनुदान वाढवून साडेसात हजार पौंड केलं. त्या देशाचं इंधन पुन्हा बदलतंय, आणि इंधन बदलतं तेव्हा जुन्या यंत्राचं वय नुसतं वर्षांत मोजून भागत नाही.

असो. मास्तरांची सवय, उत्तर पानभर झालं. मुलीला एवढंच सांगतो : झोपायच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आजच लाव. बाकीचं सावकाश ठरवा.