बॅक बे
मुंबई बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील अरबी समुद्राचा उथळ उपसागर. मलबार टेकडीचे टोक व कुलाबा यांच्या दरम्यान तो अर्धवर्तुळाकार पसरलेला आहे. बेटाच्या पूर्वेस खोल पाण्याचे बंदर असल्याने गोद्या व वखारी तिकडे वाढल्या. या खडकाळ उपसागरास मात्र भराव घालून मिळणाऱ्या जमिनीमुळे महत्त्व आले. शहरास विक्रीयोग्य जमीन हवी की मोकळा किनारा, हा त्याच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाच्या व्यापारातून मुंबईत अमाप पैसा आला व भरावासाठी ‘बॅक बे रेक्लमेशन कंपनी’ स्थापन झाली. तिच्या शेअरांचे भाव अनेक पटींनी चढले. परंतु युद्ध संपताच १८६५ मध्ये ते कोसळून कंपनी बुडाली. किनाऱ्यालगत तयार झालेली चिंचोळी पट्टी पुढे मुख्यतः रेल्वेमार्गाच्या उपयोगी पडली.

गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत, १९२० मध्ये सरकारने स्वतंत्र विकास खाते निर्माण करून सु. १,१४५ एकर (सु. ४६३ हे.) भरावाची योजना हाती घेतली. बंदरातील गाळ उपसून तो समुद्रभिंतीच्या आत टाकावयाचा होता; परंतु गाळउपसा अपेक्षेपेक्षा फार कमी झाला, गाळ भिंतीतून वाहून जाऊ लागला आणि खर्च वाढत गेला. खुर्शेद फ्रामजी नरीमन यांनी या गैरकारभारावर कडाडून टीका केली. त्यांच्यावर भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यातून ते निर्दोष सुटले. १९२६ मध्ये ग्रिमवुड मीअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. अखेर आठ विभागांपैकी चारच पूर्ण होऊन सु. ४३९ एकर (सु. १७८ हे.) जमीन मिळाली; तिचा दक्षिणेकडील मोठा भाग लष्कराकडे गेला.

उत्तरेकडील भागात मरीन ड्राइव्ह (अधिकृत नाव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग) हा सु. ३·६ किमी. लांबीचा सागरमार्ग तयार झाला. १९३० नंतर त्याच्या कडेने आर्ट डेको शैलीतील इमारती उभ्या राहिल्या. त्याच्या उत्तर टोकाची गिरगाव चौपाटी ही त्यापूर्वीपासून लोकांचे विहारस्थान व सभास्थान होती. १९२० मध्ये लोकमान्य टिळकांचा अंत्यविधी येथेच झाला. गणेशविसर्जनाचे हे एक प्रमुख ठिकाण आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात दक्षिणेकडे पुन्हा भराव घालून नरीमन पॉइंट व कफ परेड येथे उंच कार्यालये व निवासी इमारती बांधण्यात आल्या. भरावयोजनेच्या टीकाकाराचेच नाव त्यांपैकी एका भागास मिळाले. तेथील भूखंडवाटपास १९७० च्या दशकात उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. कफ परेडच्या कोळी वस्तीसमोर मात्र मासेमारीच्या किनाऱ्याचा प्रश्न राहिला.

१९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरावावर कडक निर्बंध आले. २०१५ मध्ये रस्त्यांसाठी अपवाद करण्यात आला. त्यानुसार झालेल्या सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला. तो चौपाटीजवळ बोगद्यात शिरतो व त्याचा मुख्य भराव मलबार टेकडीपलीकडे आहे. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींचा २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. उपसागराचे आजचे खुले पाणी व त्यावरील हा सागरतट मूळ योजना अपुरी राहिल्यामुळेच मुंबईकरांना लाभला आहे.