लाटणं, थाळी आणि नळाची रांग

परवा एका महाविद्यालयातल्या मुलांशी गप्पा मारत होतो. मी विचारलं, ‘स्वयंसेवक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं?’ एक मुलगी म्हणाली, छापील टी-शर्ट. दुसरा म्हणाला, प्रमाणपत्र. तिसऱ्यानं ‘लगे रहो मुन्नाभाई’ हे सिनेमाचं नाव घेतलं. तिन्ही उत्तरं प्रामाणिक होती. माझ्या डोळ्यांपुढे मात्र लाटणं येतं. रोजच्या पोळ्या लाटून गुळगुळीत झालेलं, साधं लाकडी लाटणं. ते का, हे सांगायचं तर मुंबईच्या उपनगरांच्या इतिहासात थोडं मागे जावं लागेल.

आज आपण अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावं मुंबई म्हणूनच घेतो. पण मुंबई महापालिकेची हद्द १९५० साली पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत आली. दहिसर आणि मुलुंडपर्यंत ती पोचायला १९५७ उजाडलं. त्याआधी इथे लहान नगरपालिका होत्या, ग्रामपंचायती होत्या आणि पुष्कळ ठिकाणी नुसता चिखल होता. शाळा हवी, वाचनालय हवं, व्यायामशाळा हवी, तर ती कुणी येऊन बांधून देणार नव्हतं. लोकमान्य टिळक १९२० साली गेले. पुढच्याच वर्षी पार्ल्यात पार्ले टिळक विद्यालय उभं राहिलं आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. पु. ल. देशपांडे लहानपणी जोगेश्वरीहून पार्ल्यात आले आणि याच वातावरणात वाढले. पुलंच्या लेखनात सभा, समित्या आणि हौशी कार्यकर्ते जागोजाग भेटतात. त्यांची खोड काढताना पुलंच्या लेखणीला इतका जिव्हाळा का सुटत असेल, याचं उत्तर मला वाटतं पार्ल्यातच आहे.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा याच पार्ल्यात सत्याग्रहींची छावणी पडली. जमनालाल बजाज आणि किशोरलाल मशरूवाला ही तिथली पुढारी मंडळी, आणि दोघांनाही अटक झाली. छावणी म्हटली की भाषणं आली, पण तेवढ्यावर छावणी चालत नाही. इतक्या माणसांचा स्वयंपाक, पाणी, अंथरुणं, निरोप, आजारी पडलेल्यांची शुश्रूषा हे सगळं कुणीतरी करतंच. इतिहासाच्या पुस्तकात त्यांची नावं नसतात. सरकारशी भांडणं आणि पंगतीत वाढणं ही दोन्ही कामं एकाच माणसानं करायची, ही रीत उपनगरानं त्या काळात जवळून पाहिली.

आता पाण्याकडे येतो. मुंबई शहराची तहान भागवणारे विहार आणि तुळशी हे दोन्ही तलाव उपनगरांच्या डोंगरातले. विहार १८६० च्या सुमाराचा, तुळशी १८७९ चा. तानसाचं पाणी १८९२ पासून मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या बाजूने मोठ्या नळांतून शहराकडे जाऊ लागलं. म्हणजे पाणी आमच्या दारावरून जायचं, आणि आमच्या बायका हंडे घेऊन विहिरीवर. माणसाला पाणी नसल्याचं दुःख असतंच, पण नळाला कान लावल्यावर आत वाहणारं पाणी ऐकू यावं आणि आपली कळशी मात्र रिकामी असावी, हे जरा जास्तच झालं!

गोरेगावात तेव्हा ग्रामपंचायत होती. तिथे केशव ऊर्फ बंडू गोरे आणि मृणाल गोरे हे तरुण जोडपं काम करत होतं. मृणालताईंनी राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी चळवळीच्या कामासाठी वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडलं होतं. १९५८ मध्ये बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी. मृणालताई थांबल्या नाहीत. १९६१ मध्ये त्या महापालिकेवर निवडून गेल्या आणि गोरेगावच्या पाण्यासाठी इतक्या भांडल्या की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. हे नाव कुठल्या पुरस्कारात मिळालेलं नव्हतं, नळावरच्या रांगेत मिळालेलं होतं.

त्या कामाची पद्धत आज मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मोर्च्याचं छायाचित्र वर्तमानपत्रात येतं, पण मोर्च्याआधी चाळीचाळीत जावं लागतं. कुठे किती नळ, किती वाजता पाणी, किती बिऱ्हाडं, कोण किती हंडे भरतं, हे वहीत उतरवावं लागतं. मग अर्ज. मग अर्जाचं काय झालं म्हणून पुन्हा खेपा. आमच्या चाळीतल्या दोघी बायका असं काम करायच्या. एक चौथी शिकलेली, दुसरी तेवढीही नाही. पण वहीतला आकडा चुकला तर साहेबासमोर आपली पंचाईत होईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

१९७२ साल उजाडलं. महाराष्ट्रात भीषण दुष्काळ, धान्य महाग, रॉकेल मिळेना, तेल मिळेना. तेव्हा महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. समाजवादी मृणाल गोरे, कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा एरवी एका व्यासपीठावर क्वचित दिसणाऱ्या बायका एकत्र आल्या. आणि त्यांनी हातात घेतलं लाटणं. लाटण्यांनी थाळ्या वाजवत मोर्चे निघाले. माझी आई अशा एका मोर्च्याला गेली होती. लाटणं कापडी पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. घरी आल्यावर तिनं ते धुतलं आणि त्याच लाटण्यानं रात्रीच्या पोळ्या लाटल्या. मी तेव्हा शाळेत होतो. आंदोलनाचं सामान आणि स्वयंपाकाचं सामान एकच असतं, हे मला तेव्हा विशेष वाटलं नाही. आज वाटतं.

याच वर्षी, २ ऑक्टोबर १९७२ ला, मुंबई दूरदर्शन सुरू झालं. ज्याच्या घरी संच त्याच्याकडे अख्खी चाळ जमायची. चित्रांची आणि खुणांची ताकद लोकांना कळू लागली होती. लाटणं आणि रिकामी थाळी यांना भाषांतराची गरज नव्हती. गुजराती, मराठी, तमिळ, उर्दू, कुठलीही भाषा बोलणाऱ्या घरात थाळी रिकामी वाजली की अर्थ एकच. जाहिरातवाल्यांनी कितीही डोकं खाजवलं तरी यापेक्षा चांगलं बोधचिन्ह त्यांना सुचलं नसतं.

पुढे आणीबाणी आली, मृणालताईंना तुरुंगवास झाला. १९७७ च्या निवडणुकीत त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या आणि तिकडे इंदिरा गांधी पराभूत झाल्या. तेव्हा ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा गाजली. नळाच्या रांगेतून निघालेला शब्द दिल्लीपर्यंत गेला तो असा.

आता मोठी उडी मारून २६ जुलै २००५ कडे येऊ. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३. पुन्हा तेच, शहर आणि उपनगर! मी अंधेरीहून बोरिवलीला चालत निघालो. महामार्गावर हजारो माणसं चालत होती. जागोजाग लोक उभे होते, कुणी पाणी देत होतं, कुणी चहा, कुणी बिस्किटं. उघड्या मॅनहोलशेजारी झाडाची फांदी रोवून एक मुलगा तासन्‌तास ओरडत उभा होता, ‘बाजूने जा, बाजूने जा.’ कुणी त्याला नेमलं नव्हतं. मीठी नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, साकीनाक्याजवळ दरड कोसळून कुटुंबंच्या कुटुंबं गाडली गेली, आणि जे वाचले त्यातले कित्येक अनोळखी माणसांच्या हातांनी वाचले.

दुसऱ्या आठवड्यापासून एक शब्द ऐकू येऊ लागला, ‘मुंबई स्पिरिट’. मला त्या शब्दाचा तेव्हाही कंटाळा आला आणि आजही येतो. कौतुक कुणाला नको असतं? पण पावसाळी गटारांची क्षमता वाढवा, असं सांगणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ पासून तयार होता. जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाची, ती ५० च्या हिशेबाने करा, असं त्यात होतं. बारा वर्षांत ते काम रखडलं. मग त्या दिवशी फांदी रोवून उभ्या राहिलेल्या मुलाचं कौतुक करताना, मॅनहोलमध्ये माणूस पडण्याची वेळ का आली, हे विचारायचं राहून गेलं. मृणालताईंच्या पिढीनं ते राहू दिलं नसतं. त्यांनी आधी पाणी पाजलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी थाळ्या घेऊन दारात बसल्या असत्या.

सिनेमानं याच सुमाराला काय दाखवलं ते पाहा. २००५ मध्ये निशिकांत कामतांचा ‘डोंबिवली फास्ट’ आला. रोज लोकल पकडणारा, नियम पाळणारा बँकेतला माधव आपटे एक दिवस बिथरतो आणि एकटाच व्यवस्थेवर तुटून पडतो. २००६ मध्ये ‘रंग दे बसंती’ आला, त्यानंतर मेणबत्त्या घेऊन उभं राहण्याची रीत शहरांत रुजली. त्याच वर्षी ‘लगे रहो मुन्नाभाई’ आला आणि ‘गांधीगिरी’ हा शब्द घरोघरी गेला. रेडिओवरची निवेदिका त्याची नायिका होती, म्हणून आम्हा रेडिओवाल्यांना तो थोडा जास्तच आवडला. २००९ च्या ‘तुम मिले’मध्ये तर प्रत्यक्ष २६ जुलैचा पूरच होता, पण तो एका प्रेमकथेच्या मागचा पडदा म्हणून. सिनेमाला नायक एक लागतो आणि निकाल तीन तासांत लागतो. वही घेऊन चाळीचाळीत फिरणारी बाई पडद्यावर किती वेळ पाहणार? त्यात सिनेमाची चूक नाही. पण त्या मुलाला स्वयंसेवक म्हणताच सिनेमा आठवला, तो उगाच नाही.

पुरानंतर गटारं तुंबवणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदीची घोषणा झाली. पिशव्या काही गेल्या नाहीत, समुद्रात गेल्या आणि भरतीबरोबर परत आल्या. अंधेरीच्या वर्सोवा किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलानं ८४ वर्षांच्या शेजाऱ्याला सोबत घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली. हळूहळू माणसं जमली, आठवड्यामागून आठवडे गेले, लाखो किलो कचरा निघाला. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांना ‘चॅम्पियन ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला. चित्रपट कलावंत आले, कॅमेरे आले. मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली, तेव्हा तर सगळ्यांना भरून आलं. पण त्याआधी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, उचललेला कचरा वेळेवर हलवला जात नाही आणि गुंड त्रास देतात, म्हणून शाह यांनी ही मोहीम थांबवल्याचं जाहीर केलं होतं. मुख्यमंत्र्यांच्या आश्वासनानंतर ती पुन्हा सुरू झाली. पिल्लांची छायाचित्रं सगळ्यांच्या लक्षात राहिली. मला ते थांबणं जास्त महत्त्वाचं वाटतं. आम्ही काम करू, पण तुमचं काम तुम्ही करा, हे सांगण्याची ती रीत होती.

मी स्वतः दुसऱ्या एका किनाऱ्यावर काही रविवार गेलो आहे. सकाळभर वाकून गोण्या भरायच्या, हात चिकट, कंबर धरलेली. मग छायाचित्र. एकदा ज्यांनी ट्रक पाठवायचा होता त्यांनी तो चार दिवस पाठवला नाही. मधल्या भरतीनं निम्म्या गोण्या फोडून कचरा परत पसरला. पुढच्या रविवारी आम्ही तोच कचरा पुन्हा उचलला. एक प्लास्टिकची निळी बादली मी ओळखलीसुद्धा! आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं मग वही काढली. तारीख, गोण्यांची संख्या, ट्रक आला की नाही, अशा तीन रकान्यांची. सहा आठवड्यांनी ती वही घेऊन त्या संबंधित कार्यालयात गेल्या आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिल्या. ट्रक त्यानंतर वेळेवर येऊ लागला.

२०१६ पासून पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी तीन तालुके होते, २०१८ मध्ये पंचाहत्तर. त्या वर्षी १ मे रोजी महाश्रमदानाला शहरांतून हजारो माणसं गावोगावी गेली. त्यात आमच्या बोरिवलीचीही होती. कुदळ मारून हाताला फोड आले ते आठवडाभर कौतुकानं दाखवत होती. मी हसलो नाही. ज्या शहरानं दीडशे वर्षं दुसऱ्यांच्या डोंगरातलं पाणी आणलं, तिथल्या माणसानं एक दिवस चर खणला तर काय बिघडलं? एवढंच वाटलं की त्यांनी परत येऊन आपल्या सोसायटीतल्या नळाकडेही तसंच पाहावं.

आणि मग २२ मार्च २०२०. संध्याकाळी पाच वाजता खिडक्याखिडक्यांतून थाळ्या वाजल्या, डॉक्टर-परिचारिकांच्या आभारासाठी. माझ्याही इमारतीत वाजल्या. आई असती तर म्हणाली असती, थाळी रिकामी असताना वाजवायची असते रे! गंमत म्हणजे त्यानंतरच्या आठवड्यांत थाळी तिच्या अर्थानंही वाजण्याची वेळ आली. मजुरी बंद झालेल्या घरांत डबे पोचवायला आमच्या बाजूची मुलं धावली. कोण उपाशी, कुणाला औषध, कुठल्या खोलीत लहान मूल, याच्या याद्या त्यांनी केल्या, या वेळी मोबाइलवर. रेशन दुकानात धान्य का मिळत नाही, हे विचारायलाही त्यातली दोघंतिघं गेली.

मृणालताई जुलै २०१२ मध्ये गेल्या. गोरेगावात पश्चिम द्रुतगती महामार्गाकडे जाणाऱ्या उड्डाणपुलाला आता त्यांचं नाव आहे. त्या पुलावरून माझं अधूनमधून जाणं होतं. गाड्या तुंबलेल्या असतात, आणि कितीदा तरी माझ्या पुढे उभा असतो तो कुठल्यातरी सोसायटीकडे निघालेला पाण्याचा टँकर.