ऑपरेशनआधीचं ताट: प्रस्तावना

माण, खटाव, जत, आटपाडीकडचा माणूस मोठ्या ऑपरेशनसाठी कराड गाठतो, नाहीतर मिरज. मिरजेची वाट तर जुनीच, डॉ. वॉनलेस यांनी तिथे 1894 साली रुग्णालय उघडलं. किडनीचा कॅन्सर झालेले सत्तरीपुढचे रुग्णही याच वाटेने येतात. पुष्कळदा गाठ सापडते ती दुसऱ्याच दुखण्यासाठी केलेल्या सोनोग्राफीत. मग घरच्यांचा ठरलेला प्रश्न येतो: "या वयात ऑपरेशन झेपेल का?" माझ्या मते वयाच्याही आधी विचारायला हवं ते हे, की करदोटा कधीपासून सैल झाला?

आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना सहा महिन्यांपूर्वीचं वजन क्वचितच सांगता येतं. पण बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या, ब्लाउजला टीप घालावी लागली, हे सुनेच्या बरोबर लक्षात असतं. सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरणं ही धोक्याची खूण आहे. वजन घटल्यावर ऑपरेशनचा धोका किती वाढतो, हे अमेरिकेतले शल्यविशारद स्टडली यांनी 1936 साली जठरव्रणाच्या रुग्णांबाबत दाखवून दिलं. ऑपरेशनआधी ज्यांचं वजन वीस टक्क्यांहून जास्त घटलं होतं, त्यांच्यातले तेहतीस टक्के दगावले. बाकीच्यांत हे प्रमाण साडेतीन टक्के होतं.

किडनी काढल्यावर, किंवा तिचा गाठ असलेला भाग काढल्यावर, जखम चिघळणं, न्यूमोनिया होणं, आतडी सुस्त पडून पोट फुगणं, या गुंतागुंती कुपोषित शरीरात जास्त दिसतात. धोका आधी ताडण्यासाठी निर्देशांक आहेत. जपानमध्ये 1984 साली मांडलेला रक्तातलं अल्ब्युमिन आणि लिम्फोसाइट पेशी मोजतो; वृद्धांसाठीचा 2005 सालचा फ्रेंच निर्देशांक अल्ब्युमिन आणि वजन. आकडेमोड सोपी आहे, म्हणून त्यावर डोळे मिटून विसंबायचं मात्र नाही. अल्ब्युमिन केवळ कमी खाण्याने उतरत नाही. गाठीमुळे अंगात दाह असला तरी उतरतं. शिवाय फ्रेंच म्हाताऱ्यांवर बेतलेल्या मोजपट्ट्या आपल्या माळकरी आजोबांना लावण्याआधी इथे पारखून घ्यायला हव्यात.

वजनही फसवतं. सुटलेल्या पोटाआड मांड्या-दंडांचं मांस झडलेलं असू शकतं. गाठीसाठी सीटी स्कॅन झालेलाच असतो. त्यातल्याच कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरच्या छेदात स्नायू मोजता येतात, वेगळा खर्च न करता. ही सोय हातची घालवू नये.

सर्वांत जास्त नुकसान करतो तो एक घरगुती समज. "किडनीचं दुखणं आहे" म्हटलं की डाळ बंद, दूध बंद, अंडं तर नावच नको. उरते पातळ आमटीत कुस्करलेली भाकरी. किडनी निकामी होणं वेगळं आणि किडनीत गाठ होणं वेगळं. किडनीचं काम ठीक असलेल्या वृद्धाला ऑपरेशनआधी प्रथिनं वाढवून द्यावी लागतात, किलोमागे रोज साधारण 1.2 ते 1.5 ग्रॅम. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर हिशेब डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी मिळून करायचा. दात नसलेल्यांसाठी मऊ शिजवलेली मुगाची उसळ, ताकातलं पिठलं, दुधातली नाचणी आहेच. कुपोषण तीव्र असेल तर सात ते चौदा दिवस नीट पोषण देऊन मग ऑपरेशन करावं, असं युरोपातली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्यांचं, परिचारिकांचं आणि गावोगावच्या डॉक्टरांचं स्वागत. सुरुवातीला फार काही लागत नाही. पहिल्या भेटीत रुग्णाला काट्यावर उभं करा, गेल्या महिन्याभरात जेवण किती कमी झालं ते विचारा, आणि दोन्ही केसपेपरवर लिहा.