आंब्याची गुटी : अंगणातले झाड पुढे नेण्यासाठी

झाडावरच्याच फांदीला मुळे फोडून तिचे वेगळे रोप करणे म्हणजे गुटी कलम. टोपी बाजार आणि लष्करच्या जुन्या वस्तीत वाडा विकायचा किंवा नव्याने बांधायचा ठरला, की अंगणातल्या आंब्याचे काय, हा प्रश्न येतो. झाड हलवता येत नाही. त्याची फांदी मात्र नेता येते.

कोय का नको?
हापूस, दशहरी, लंगडा यांच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून झालेला असतो. म्हणून कोयीचे झाड मूळ झाडासारखे फळ देईलच असे नाही. फांदीपासून केलेले रोप मूळ झाडाचेच असते.

कृती
ग्वाल्हेरला पाऊस स्थिरावल्यावर, जुलैमध्ये गुटी बांधावी. सुमारे वर्षभराची, पेन्सिलीएवढी किंवा थोडी जाड, निरोगी फांदी निवडावी. तिच्यावर अडीच ते तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढावी, चीक पुसावा आणि खालचा बुळबुळीत थर खरवडावा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते. साल काढल्याने पानांत तयार झालेले अन्न खाली जात नाही, वरच्या काठाशी साठते आणि तिथूनच मुळे फुटतात. पाणी आतल्या लाकडातून वर चढत राहते, म्हणून फांदी वाळत नाही. वरच्या काठाला मुळे फुटण्याचे संजीवक (इंडोल ब्युटिरिक ॲसिड) लावावे. भिजवून घट्ट पिळलेले शेवाळ भोवती गुंडाळून वर पारदर्शक प्लास्टिक लावावे आणि दोन्ही टोके सुतळीने आवळावीत.

दोन-तीन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळे दिसू लागतात. नुसती गाठ दिसत असेल, तर फांदी कापू नये, वाट पाहावी. भरपूर मुळे आल्यावर गुटीच्या खाली आधी अर्धा काप घ्यावा व आठ-दहा दिवसांनी फांदी पूर्ण कापावी. निम्मी पाने काढून ती कुंडीत, सावलीत लावावी. थंडी आणि पुढची लू यांपासून जपून रोप पुढच्या पावसाळ्यात जमिनीत लावावे.

मर्यादा
आंब्याच्या बऱ्याच गुट्या फसतात, म्हणून एकीवर विसंबू नये, पाच-सहा बांधाव्यात. गुटीच्या रोपाला सोटमूळ नसते. वाऱ्यात ते कलते, त्यामुळे सुरुवातीची वर्षे काठीचा आधार हवा. जुन्या झाडाच्या जून फांद्यांना मुळे क्वचितच फुटतात. आदल्या वर्षी एखादी फांदी छाटून नवी फूट घ्यावी.

याच कारणांमुळे कोकणात हापूसची रोपे मुख्यतः कोय कलमाने करतात. कोवळ्या गावठी रोपावर हव्या त्या झाडाची काडी बांधली, की सोटमूळही मिळते आणि जातही टिकते. घरचा आंबा जपायचा असेल, तर गुटीबरोबर दोन-तीन कोय कलमेही जाणत्या माळ्याकडून करून घ्यावीत. घराचा व्यवहार ठरण्याआधी निदान एक पावसाळा हाताशी ठेवावा. झाड पडल्यावर यांतले काहीच करता येत नाही.