वैमानिकाच्या खिशातील खोटे छायाचित्र

१/ दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांची छायाचित्रे बहुधा एकाच धाटणीची असतात : चामडी जाकीट, पाठीमागे विमान, चेहऱ्यावर हसू. अभिलेखागारांत मात्र त्याच तरुणांची आणखी एक छबी सापडते. आकार ओळखपत्राचा, अंगात साधा कोट, गळ्यात टाय, मुद्रा गंभीर. पाहणाऱ्याला हा कारकून वाटावा, मजूर वाटावा. वैमानिक मात्र मुळीच वाटू नये, एवढ्याचसाठी ते छायाचित्र काढलेले असे.

२/ जर्मनीवर बॉम्बफेक करणाऱ्या ब्रिटिश व अमेरिकन विमानांचा मार्ग बेल्जियम, नेदरलँड्स आणि फ्रान्स या जर्मनव्याप्त देशांवरून जात असे. विमान पाडले गेले, तरी पॅराशूटने उतरलेली माणसे अनेकदा जिवंत राहत. एक वैमानिक घडवायला मोठा काळ आणि पैसा लागे. म्हणून त्यांना परत आणणे हे युद्धकार्यच होते. यासाठी ब्रिटनने डिसेंबर १९३९ मध्ये ‘एमआय-९’ ही गुप्त शाखा स्थापन केली. रेशमी कापडावर छापलेला नकाशा, छोटे होकायंत्र आणि परकीय चलन हे साहित्य वैमानिकांना मिळू लागले. पुढे त्यात छायाचित्राची भर पडली.

३/ छायाचित्रच का? व्याप्त प्रदेशात ओळखपत्राशिवाय रेल्वेप्रवास करणे म्हणजे अटकेला आमंत्रण. कुशल कारागीर शिक्का बनवू शकत, सही गिरवू शकत. चेहरा मात्र ज्याचा त्याचाच लागे. फरारी परदेशी तरुणाला छायाचित्रकाराकडे नेणे म्हणजे आणखी एक साक्षीदार निर्माण करणे. त्यापेक्षा उड्डाणापूर्वीच नागरी वेशातील छबी काढून ती खिशात ठेवणे सोयीचे होते.

४/ या युक्तीतही एक खोट निघाली. काही अमेरिकन तळांवर एकच कोट आणि एकच टाय आळीपाळीने सगळ्यांच्या अंगावर चढवला जाई. त्यामुळे पकडलेल्या माणसाच्या छायाचित्रातील कपड्यांवरूनच तो कोणत्या तळाचा, हे जर्मन तपास अधिकारी ओळखू लागले.

५/ पण छायाचित्र हे काम अर्धेच करी. ते ओळखपत्रावर चिकटवणारा, भुकेल्याला घरात घेणारा, गाडीत शेजारी बसणारा माणूस कुठून येणार? या प्रश्नाचे एक उत्तर ऑगस्ट १९४१ मध्ये स्पेनमधील बिल्बाओच्या ब्रिटिश वकिलातीत येऊन उभे राहिले. चोवीस वर्षांची एक बेल्जियन तरुणी एक ब्रिटिश सैनिक आणि दोन देशबांधव यांना घेऊन पिरेनीज पर्वत ओलांडून आली होती.

६/ ती आंद्रे द योंग, म्हणजेच ‘देदे’. ब्रुसेल्सनजीकच्या स्कारबेक येथील एका शिक्षकाची मुलगी. पहिल्या महायुद्धात सैनिकांना पळून जाण्यास मदत केल्याबद्दल १९१५ मध्ये जर्मनांनी जिला गोळ्या घातल्या, ती परिचारिका एडिथ कॅव्हेल हा तिचा आदर्श. एवढीशी मुलगी पर्वत ओलांडून आली, यावर ब्रिटिशांचा प्रथम विश्वास बसेना. ती जर्मनांची हेर असावी, अशी शंकाही घेतली गेली. तिने खर्चापुरते पैसे मागितले, परंतु सूत्रे बेल्जियनांच्याच हाती राहतील असा आग्रह धरला. हेच पुढे ‘कॉमेट लाइन’ म्हणून प्रसिद्ध झालेले जाळे.

७/ ब्रुसेल्स ते पॅरिस, तिथून स्पेनच्या सीमेपर्यंत रेल्वे. मग रात्री फ्लोरेंतिनो गोइकोएचेआ या बास्क तस्कराच्या मागोमाग डोंगर आणि बिदासोआ नदी. अखेर स्पेनमार्गे जिब्राल्टर. गाडीत वैमानिकाने तोंड उघडायचे नसे. तपासनीस आला की, त्याच्या वतीने ते छोटे छायाचित्रच बोले.

८/ दोघांचा धोका मात्र सारखा नव्हता. पकडला गेलेला वैमानिक आपली ओळख पटवू शकला, तर सहसा युद्धकैदी ठरे. मदतनिसाला ते संरक्षण नव्हते. २२ सप्टेंबर १९४१ च्या पॅरिसमधील जर्मन जाहीरनाम्याने स्पष्टच बजावले होते : शत्रूच्या वैमानिकांना मदत करणाऱ्या पुरुषांना गोळ्या घातल्या जातील, स्त्रियांची रवानगी जर्मनीतील छळछावण्यांत होईल.

९/ ती पोकळ धमकी नव्हती. १५ जानेवारी १९४३ रोजी सीमेजवळच्या उरुन्य येथील शेतघरात देदे तीन वैमानिकांसह पकडली गेली. तोवर तिने शंभराहून अधिक माणसे सीमेपार नेली होती. चौकशीत तिने आपणच प्रमुख असल्याचे कबूल केले, तरी जर्मनांना ते खरे वाटेना. तिची रवानगी राव्हेन्सब्रूक व माउटहाउसेन येथे झाली. शेतघराची मालकीण, तीन मुलांची विधवा आई फ्रांत्शा उसांदिझागा, राव्हेन्सब्रूकमध्ये मरण पावली. देदेचे वडील फ्रेदेरिक यांना २८ मार्च १९४४ रोजी पॅरिसजवळ मों-व्हालेरियाँ येथे गोळ्या घालण्यात आल्या.

१०/ ब्रुसेल्समधील सूत्रधार ज्याँ ग्रेंडल यांचा शेवट तर अधिकच विदारक. मृत्युदंड झालेले ग्रेंडल कैदेत असताना ७ सप्टेंबर १९४३ रोजी मित्रराष्ट्रांच्याच बॉम्बहल्ल्यात ठार झाले. ज्या वैमानिकांना वाचवण्यासाठी त्यांनी प्राण पणाला लावले, त्यांच्याच सहकाऱ्यांचे बॉम्ब त्यांच्यावर कोसळले.

११/ देदे जिवंत परतली. १९४६ मध्ये तिला ब्रिटनचे ‘जॉर्ज मेडल’ मिळाले. त्यानंतरची अनेक वर्षे तिने काँगो, कॅमेरून, इथिओपिया येथे कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली. २००७ मध्ये तिचे निधन झाले.

१२/ सुटून परतलेल्या अमेरिकन वैमानिकांचे जबाब त्यांच्या देशाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांतील अनेकांना ती छायाचित्रे जोडलेली आहेत. फसवण्यासाठी काढलेली छबी अशा रीतीने इतिहासाचा पुरावा ठरली. मदतनिसांचा पुरावा मात्र जागोजागी तुटक आहे. कारण खरे नाव, पत्ता, छायाचित्र जवळ न बाळगणे हाच त्यांचा नियम होता.

१३/ ओळखपत्रावर शिक्का मारताना तो निम्मा छायाचित्रावर आणि निम्मा कागदावर उमटावा लागतो. छायाचित्र पुढे सोडवून घेतले, तर त्याच्या कोपऱ्यात शिक्क्याची अर्धीच कड उरते. अशी छबी पाहताना आधी चेहऱ्याकडे नजर जाते. त्या अर्ध्या शिक्क्याकडेही पाहावे. तो मारणारा हात कोणाचा होता, हे बहुतेक वेळा त्या छायाचित्रातील तरुणालाही माहीत नव्हते.